लक्षद्वीपला पहिल्यांदा पाण्यात उतरताना

परभणी-लातूरकडं विहिरीत पट्टीचं पोहणाऱ्यालाही लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळानं वेढलेल्या उथळ समुद्रात, पाण्याखाली बघायचा काचेचा मास्कच दगा देतो. दुकानातच पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा, नाकानं हलका श्वास ओढा अन् हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी जाड असेल तर नाकाखालून पाणी शिरतं, वरची कड कातरून घ्या. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळा.

ओहोटीला प्रवाळावर जाऊच नका. पाणी उथळ होतं, गुडघे खरचटतात अन् प्रवाळ मोडतं. भरतीला निवांत तरंगा. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याची कटकट पाण्यात स्पष्ट ऐकू येते. पुढं त्याच्या विष्ठेतून पांढरी वाळू पडते. हे नक्की बघा! हिरव्या कासवाच्या डोक्यावर मात्र तरंगू नका, त्याला श्वासाला वर यावं लागतं.

मेलेलं प्रवाळही उचलायचं नाही, कायद्यानं गुन्हा आहे. अन् लक्षद्वीपला जायचं परमिट आधी काढा.