‘हरकती व सूचना’मधली सूचना कोणी कोणाला करायची?

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाहून प्रश्न आला आहे. पालिकेच्या प्रारूप विकास योजनेची नोटीस लागली. वर मोठ्या अक्षरांत ‘जाहीर सूचना’ आणि खाली ‘नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात’. वाचक विचारतात, सूचना तर साहेब देतात, मग नागरिकांनी पालिकेला सूचना कशी द्यायची? शब्द चुकलाय का? शिवाय त्यांच्या कॉलनीचं निवेदन तयार होतंय. नाल्याच्या पुराबद्दल लिहिताना ‘रेझिलियन्स’ला लवचीकता म्हणावं की प्रतिकारक्षमता?

शब्द चुकलेला नाही. ‘सूचना’ हे नाम दोन्ही दिशांना चालतं, दिशा ठरवतं ते क्रियापद. सूचना *देतात* ती वरून खाली येते. मुख्याध्यापक देतात, स्टेशनवरच्या भोंग्यातून दिली जाते. सूचना *करतात* किंवा *मांडतात* ती बरोबरीच्याला किंवा वरच्याला. पतपेढीच्या वार्षिक सभेत ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक. त्यातला सूचक कोणाला हुकूम सोडत नसतो. नोटिशीत घोळ होतो तो ‘सादर करणे’मुळे. हरकतही सादर, सूचनाही सादर, मग फरक कळणार कसा? ‘हरकत घ्यावी, सूचना करावी’ असं साधं छापलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

‘हरकत’ची गंमत वेगळी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. हिंदीत ती वागणूक झाली, बहुधा वाईटच, म्हणून रावेर-बऱ्हाणपूर भागात दोन्ही भाषा ऐकणाऱ्याला ‘हरकत करणे’ म्हणजे चाळे वाटतात. मराठीत ती अडथळा होऊन बसली: काही हरकत नाही, ना-हरकत दाखला. मूळची हालचाल टिकली ती गाण्यात. गायक सुरावर हरकत घेतो तेव्हा कोणाचं काही अडत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ चं कलम २६ या नोटिशीच्या मागे आहे. योजना मंजूर होण्याआधी प्रारूप प्रसिद्ध करायचं, मुदतीत आलेल्या हरकती-सूचना नियोजन समितीपुढे ऐकायच्या, मग बदलांसह शासनाकडे पाठवायचं. म्हणजे ‘प्रारूप’ आहे तोवरच बोलण्याला किंमत. लोक मात्र जागे होतात ते ‘जागेवर आरक्षण पडलं’, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली, हे कळल्यावर. ‘पडलं’ हे क्रियापद बघा. वीज पडते, धाड पडते, तसं आरक्षण पडतं. नकाशावर कोणीतरी ते टाकलेलं असतं आणि ते पक्कं होण्याआधी हरकत घ्यायची सोय कायद्यात असते, हे त्या ‘पडण्या’त पार गडप होतं.

आणि डीपी! आपल्याकडे डीपी म्हणजे शेताच्या बांधावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर. पालिकेत त्याच डीपीचा अर्थ ‘डेव्हलपमेंट प्लॅन’, म्हणजे विकास आराखडा. ‘तुमचा प्लॉट डीपीत गेला’ हे ऐकून एका शेतकऱ्याने आधी वायरमनला फोन लावल्याचं मी ऐकलंय. खरं-खोटं सांगणारा जाणे, पण न पटण्यासारखं काही नाही.

आता पूर. निवेदनात तुम्ही ‘आमची कॉलनी निळ्या रेषेबाहेर असल्याने सुरक्षित आहे’ असं लिहिलंय. तिथे थांबा. आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. म्हणजे निळीबाहेरची कॉलनीही लाल रेषेच्या आत असू शकते. ‘१०० वर्षांतून एकदा’ वाचून माणूस हिशेब करतो की परवाच येऊन गेला, आता नातवाच्या काळात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, मागच्या वर्षी येऊन गेला तरी. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, आणि निळ्या रेषेपर्यंतचा पूर २५ वर्षांत एकदा तरी येण्याची सुमारे ६४ टक्के. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ‘इतका पूर आधी कधी पाहिला नाही’ हेच जो तो म्हणत होता. धुळ्यात पांझरेच्या १८७२ च्या पुराने घरं-दारं बुडवल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे, पण गॅझेटियर वाचून प्लॉट कोण घेतो?

याच ओघात ‘धोका’ आणि ‘जोखीम’ वेगळे ठेवा. नदीला पूर येणं हा धोका. नाल्याच्या काठावर घर, घरात म्हातारी आई आणि खालच्या मजल्यावर दुकानाचा माल, ही जोखीम. आपल्या जुन्या बोलीत दागिने-रोकड यांनाच ‘जोखीम’ म्हणतात. जळगावच्या सराफ बाजारातून पिशवी घेऊन निघालेल्याला ‘जोखीम सांभाळा’ म्हटलं की सगळं समजतं. गमावण्यासारखं काय आहे ते त्या शब्दातच आहे. ‘हझार्ड’ आणि ‘रिस्क’ या दोघांना सरसकट ‘धोका’ करणारं भाषांतर म्हणून मला आवडत नाही.

‘रेझिलियन्स’ला प्रतिकारक्षमता नको. प्रतिकार म्हणजे नाल्याला भिंत घालणं. ती या कल्पनेचा एक भाग आहे, सगळी कल्पना नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत धक्का थोपवणं, पचवणं, त्याच्याशी जुळवून घेणं आणि वेळेत पूर्ववत होणं, हे सगळं येतं. लवचीकता त्यातलं वाकणं सांगते, उभं राहणं सांगत नाही. माझं मत विचाराल तर नाम शोधूच नका. ‘पूर आला तरी गाव तग धरेल आणि लवकर सावरेल’ असं लिहा. तग धरणे आणि सावरणे, दोन्ही क्रियापदं सगळ्यांना कळतात.

राहिला तुमच्या निवेदनातला ‘लोकसहभाग’. इथे माझं तुमच्याशी थोडं भांडण आहे. आपल्याकडे ‘लोकसहभागातून नाल्यातला गाळ काढला’ असं छापून येतं तेव्हा लोकांनी डिझेलला वर्गणी दिली किंवा टिकाव-फावडं घेतलं, एवढंच कळतं. नाला कुठून वळवायचा हे ठरवताना लोकांना विचारलं का, ते त्या शब्दातून कधीच कळत नाही. अमेरिकेच्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात लोकांचं म्हणणं ऐकून घेणं ही चौथी पायरी; निर्णयात भागीदारी सहावी. आपल्या हरकती-सूचना चौथीवर बसतात. वर्गणीला त्या शिडीवर जागाच नाही.

आणि आपल्याला परदेशी शिडीचीच गरज आहे असंही नाही. पांझरा-मोसमच्या खोऱ्यातली सिंचनाची फड पद्धत घ्या. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटावर फड, म्हणजे जमिनीचे भाग, पाडलेले, एका फडात एकच पीक. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, पाटाची सफाई-डागडुजी शेतकऱ्यांची. इथवर तुमचा लोकसहभागच. पण पाणी कमी पडलं तर यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा, हेही त्याच शेतकऱ्यांनी बसून ठरवायचं. मेहनत ज्याची, निर्णयही त्याचाच. दुष्काळात तग धरण्याची सोयही त्यातच आली.

तेव्हा निवेदनातलं ‘लोकसहभाग वाढवावा’ हे वाक्य काढून टाका, त्यावर कोणी काही करणार नाही. त्याऐवजी ‘नाल्याची रुंदी व पूररेषा अंतिम करण्यापूर्वी प्रभागातील रहिवाशांची सभा घेऊन इतिवृत्त सुनावणीत जोडावे, अशी आम्ही सूचना करतो’ असं लिहा. आरक्षणावर हरकत असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांकासह. मुदत नोटिशीत दिलेलीच धरा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.