जीवाणूला स्वतःचा मध्य कसा सापडतो?

तुम्ही विचारलंय, 'बॅक्टेरियात ना केंद्रक, ना तर्कू (पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे धागे). मग पेशी बरोबर मधोमध कशी विभागते? आणि एम.एस्सी.च्या पेपरात सहा मार्कांना किती लिहायचं?' मार्कांचं शेवटी बघू. 'एकाचे दोन होतात, त्यात शिकण्यासारखं काय आहे' हे मी माझ्या गाईडकडून ऐकलंय, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

२००६ची गोष्ट. प्रोजेक्टसाठी सरांनी, म्हणजे गाईडनी, बाहेरच्या लॅबमधून ई. कोलाय या दांड्यासारख्या जीवाणूचे काही स्ट्रेन (वाण) आणले होते. एका स्लँटचं (जीवाणू वाढवलेल्या नळीचं) लेबल पुसट, 'के-१२' एवढंच वाचता येत होतं. ग्रॅम स्टेन केला (या रंगात ई. कोलाय गुलाबी दिसतो), ऑइल इमर्शनखाली पाहिलं तर दांड्यांच्या गर्दीत बारीक गोल गोळे. सर म्हणाले, "कॉकाय (गोल जीवाणू) आलेत. कंटॅमिनेशन. ऑटोक्लेव्ह करून टाकून दे."

मी टाकलं नाही. चार वेळा स्ट्रीक केलं, म्हणजे प्लेटवर रेघोट्या ओढून पसरवलं, दरवेळी एकाच पेशीपासून वाढलेली सुटी कॉलनी उचलली. दरवेळी एकाच कॉलनीतून दांडेही निघाले आणि गोळेही, दोन्ही गुलाबी. बाहेरून आलेला जीव चारही वेळा असा सोबतीने कसा येईल? शिवाय काही दांडे नेहमीच्या दुपटीहून लांब होते, आणि एकदोघांच्या टोकाला गोळा अजून चिकटलेला होता. तो दिसला आणि हे कंटॅमिनेशन नाही अशी माझी खात्री पटली. शेजारच्या विभागात फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप होता. विनवण्या करून एक दुपार मिळवली, डॅपी या चमकणाऱ्या रंगाने डीएनए रंगवला. दांडे निळे चमकले, गोळे काळेच राहिले.

या मिनीसेल. १९६७ साली अमेरिकेत ओक रिजला हॉवर्ड अ‍ॅडलर आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं होतं. भिंत मध्याऐवजी टोकाशी पडते आणि डीएनए नसलेला तुकडा सुटतो. मधोमध विभागणं आपोआप होत असतं, तर हे गोळे जन्मालाच आले नसते. मध्य राखावा लागतो.

राखतात तीन प्रथिनं: मिन-सी, मिन-डी, मिन-ई. विभाजनाची जागा ठरते एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाच्या कड्याने, आणि मिन-सी ते कडं बनू देत नाही. मिन-डी एटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) घेऊन एका टोकाच्या पेशीपटलाला चिकटतं आणि मिन-सीला सोबत धरतं. मागून मिन-ई येतं, एटीपी तोडायला लावतं, मिन-डी सुटतं, पुन्हा एटीपी घेतं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. अशी एक फेरी साधारण मिनिटभराची. दोन्ही टोकांना पहारा पडतो, सरासरी काढली तर मध्यावर अडथळा सर्वांत कमी, म्हणून कडं तिथे बनतं. ही ये-जा १९९९ मध्ये रस्किन आणि डी बूर यांनी जिवंत पेशीत पाहिली. २००८ मध्ये जर्मनीत पेट्रा श्विले यांच्या गटाने सपाट पटलावर फक्त मिन-डी, मिन-ई आणि एटीपी ठेवलं, तर लाटा आपोआप उठल्या. एवढ्या यंत्रणेला 'साधं' म्हणणाऱ्याने ती नीट बघितलेलीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

सरांना डॅपीचे फोटो दाखवले. त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "थीसिसमध्ये घालू नकोस, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) नसते प्रश्न विचारतील." नाही घातले. ते मी घालायला हवे होते. आता मीच शिकवते, आणि विद्यार्थ्याने विचित्र स्लाइड आणली तर 'फेकून दे' म्हणण्याआधी स्वतः डोळा लावते. तुमचे गाईड तसं करत नसतील, तर आधी जीवाणूंचा ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपलेला नमुना) करून फ्रीजरमध्ये ठेवा, मग त्यांच्याशी बोला.

काही गोष्टी राहिल्या. आमच्या स्ट्रेनमध्ये नेमकं कुठलं जनुक बिघडलं होतं ते तपासायची सोय नव्हती, मी लक्षणांवरून बोलतेय. वर सांगितलेलं ई. कोलायचं आहे. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जीवाणूत मिन-ई नाही, ये-जाही नाही. तिथे डिव्ह-फोर-ए आणि मिन-जे ही प्रथिनं मिन-डीला टोकांशी धरून ठेवतात. कॉलोबॅक्टर या जीवाणूत मिपझेड हे वेगळंच प्रथिन हे काम करतं. शिवाय डीएनएच्या वर कडं पडू नये म्हणून ई. कोलायमध्ये एसएलएमए हे प्रथिन असतं, बॅसिलसमध्ये एनओसी. ते विसरू नका.

सहा मार्कांना एफटीएसझेडचं कडं, मिनची फेरी आणि एसएलएमए पुरे. आकृतीत टोकाशी एक मिनीसेल जरूर काढा.