वेलभाज्यांची कुंडी आणि मांडव : ठाणे–नवी मुंबईकरांच्या चार प्रश्नांना उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की वेलभाज्यांचे प्रश्न वाढतात. त्यांतले चार इथे घेतले आहेत. ठिकाणं वेगळी, पण गोंधळ बहुतेक एकाच जागी होतो: आधाराची काठी कुंडीतच खोचली जाते. कुंडीने मुळं सांभाळायची. वाऱ्याचा रेटा भिंतीने, कठड्याने किंवा वेगळ्या वजनाने घ्यायचा. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण १२ किलोचा रेटा देतो. पानांनी भरलेली ६ बाय ५ फुटांची ताटी म्हणजे जवळपास ३३ किलो, तेही वरच्या अंगाला. ओल्या मातीत रुतलेली काठी तो कशी पेलणार?

घोडबंदर रोड, चौदावा मजला, पूर्वेची ८ बाय ४ फुटांची बाल्कनी. कारली आणि काकडी लावायची आहे. कबुतरांची जाळी बसवलेली आहे. वेल तिच्यावरच चढवला तर चालेल का? कुंडी केवढी घ्यावी?

कबुतरांच्या जाळीवर वेल चढवू नका. तिची भोकं बारीक असतात. कोवळं कारलं भोकात शिरतं, तिथेच फुगतं आणि अडकतं; मग फळ कापायचं की जाळी, हा प्रश्न उरतो. निम्मी पानं बाहेरच्या बाजूला जातात, तिथे किडीसाठी फवारणीलाही हात पोचत नाही. हंगाम संपल्यावर वाळलेले तणावे (आधाराला वेटोळं घालणारे वेलीचे तंतू) ओढून काढताना जाळीचे हुक सैल होतात.

त्याऐवजी ६ इंची चौकटीची नायलॉनची वेलजाळी आतल्या बाजूला, कबुतरांच्या जाळीपासून फूटभर अंतर सोडून टांगा. वर बांधायला छताला कपडे वाळत घालायच्या दांडीचे हुक असतातच. ओली चादर पेलणारा हुक कारल्याचा वेल पेलतो. दुधीचा भार मात्र त्याच्यावर टाकू नका. जाळीच्या खालच्या कडेत एक बांबूची कामठी ओवा आणि ती रेलिंगच्या खालच्या आडव्या पट्टीला केबल टायने आवळा. खालची कड सुटी राहिली तर जाळी झोके खाते आणि वेलीचं खोड ग्रो बॅगच्या, म्हणजे कुंडीसारख्या वापरायच्या जाड पिशवीच्या, काठावर घासून सोलतं. वरच्या मजल्यांवर वेल अचानक मान टाकतो, तेव्हा आधी हे खोड तपासा, रोगाचा संशय नंतर.

कुंडीचं माप दुकानात इंचात सांगतात, आपण लिटरमध्ये विचार करावा. १२ बाय १२ इंची ग्रो बॅग २२ लिटरची, १५ बाय १५ ची ४३ लिटरची, १८ बाय १८ ची ७५ लिटरची. काकडी आणि कारल्याच्या एका वेलाला किमान २० लिटर हवेत, म्हणजे १५ इंची पिशवीत दोन वेल, तिसरा नाही. पिशवी लहान पडली की दुपारपर्यंत माती कोरडी होते, फुलं गळतात आणि काकडी कडू निघते. कडू काकडीला बियाणंवाल्याला बोल लावण्याआधी पाण्याच्या पाळ्या आठवून पाहाव्यात.

पिशवी २४० जीएसएम (चौरस मीटरला २४० ग्रॅम वजनाचं कापड) किंवा त्याहून जाड, उन्हाला टिकणारी घ्या. पातळ पिशवीची शिवण एका उन्हाळ्यात उसवते. भरून, पाणी दिल्यावर १५ इंची पिशवी ४५ किलोच्या आसपास जाते, म्हणून ती जागेवर ठेवूनच भरा. कानाला धरून ओढू नका. लाल माती, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समान भाग, वर पिशवीमागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड. नुसती लाल माती भरली तर दोन महिन्यांत दगड होतो. वरून दोन इंच रिकामे सोडा.

तळाला खडे घालण्याची पद्धत सोडून द्या. पाणी खड्यांत उतरण्याआधी वरच्या मातीतच थांबतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे, आणि पिशवी दोन विटांवर. खालच्या थाळ्या जून ते सप्टेंबर काढून ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतील.

बाल्कनीत वारा फारच असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण' हा बुटका वाल लावावा. त्याला मांडव लागत नाही.

नेरूळ, रो-हाउसची गच्ची. चार ग्रो बॅगांत चार बांबू रोवून दुधी आणि दोडक्याचा मांडव केला होता. गेल्या जुलैत पिशव्यांसकट आडवा झाला. स्लॅबला बोल्ट मारून पक्का करावा का?

स्लॅबला ड्रिल लावू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीच्या छताला ओल येते, आणि त्या दुरुस्तीच्या खर्चात कित्येक वर्षांचा दुधी विकत मिळेल.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, तळाला एक भोक पाडा, मधोमध २ इंची पीव्हीसी पाइपचा फूट-सव्वा फुटाचा तुकडा भोकावर उभा करा आणि भोवती काँक्रीट भरा. साधारण ४५ किलोचा पाया होतो. बांबू या पाइपात बसवा, थेट काँक्रीटमध्ये नको. काँक्रीटच्या तोंडाशी पाणी मुरून बांबू तिथेच कुजतो. पाइपात बसवलेला बांबू दोन वर्षांनी सहज बदलता येतो. असे चार पाय, उंची ६ फूट. वरच्या बाजूने आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर आडवे बांबू बांधून चारही पाय एकमेकांना जखडा, दोन बाजूंना तिरका बांबू द्या. सुटे पाय एकेक करून पडतात. शिवाय कठड्याच्या आतल्या बाजूला दोन ठिकाणी दोरीचा ताण घ्या.

वर कडेने १२ गेजची जाड तार, आत दीड-दीड फुटांवर १४ गेजची, त्याहून बारीक, त्यावर नायलॉन जाळी. खाडीच्या हवेत तार पिळलेल्या टोकाशी आधी गंजते, म्हणून दर मेमध्ये टोकं तपासा. सुतळी वापरू नका. पावसात ती दोनेक महिन्यांत कुजते, म्हणजे नेमकी फळं भरताना.

वजनाचाही हिशेब हवा. घराची बाल्कनी साधारणपणे चौरस मीटरला ३०० किलो धरून बांधतात, वावरायची गच्ची मात्र १५० किलो. पिशव्या आणि बादल्या गच्चीच्या मध्यावर एकत्र न ठेवता भिंती आणि तुळयांच्या रेषेवर विखरून ठेवाव्यात.

८ बाय ८ फुटांच्या मांडवावर एकच दुधी, १८ इंची पिशवीत. दोडका लावायचा असेल तर दोन वेल, पण वेगळ्या मांडवावर. दुधीची पानं त्याला सावलीत टाकतात. दोडक्यात 'कोकण हरिता' हा वाण आपल्या हवेला चांगला. मांडवापर्यंत एकच खोड दोरीवर सरळ न्यावं, बगलफुटी (पानांच्या बेचक्यातून येणारे फुटवे) खुडाव्यात. वर पोचल्यावर शेंडा मोडून तीन-चार फांद्या पसरू द्याव्यात. मादी फुलं जास्त करून याच फांद्यांवर येतात. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फुल खुडून मादी फुलाला टेकवावं. कारली, काकडीला हे काम सकाळी.

कोपरखैरणे, पहिला मजला, खिडकीची लोखंडी ग्रील. तोंडली चढत नाही, सारखी खाली घसरते. भंगारातला निळा ड्रम अर्धा कापून वापरू का?

तोंडलीचे तणावे बारीक असतात. इंचभर रुंद सपाट पट्टीला ते वेटोळं घालू शकत नाहीत. ग्रीलवर उभी-आडवी काथ्याची किंवा ३-४ मिलिमीटरची नायलॉन दोरी बांधा, वेल लगेच पकडेल. त्याआधी ग्रील घासून रंगवून घ्या, कारण वेलीखालचा गंज दिसत नाही. ड्रम ग्रीलच्या पेटीत ठेवू नका, आत भिंतीलगत ठेवून वेल बाहेर काढा.

तोंडली वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे ग्रो बॅगपेक्षा अर्धा ड्रम बराच. २०० लिटरचा ड्रम आडवा कापला की १०० लिटरच्या दोन कुंड्या. पण ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या भंगारात रसायनांचे ड्रम पुष्कळ येतात. खाद्यपदार्थांचं लेबल शाबूत असेल तरच घ्यावा. धुऊन वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नसतं. लागवड चांगलं फळ देणाऱ्या मादी वेलाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फाट्यावरून करा, बियांवरून नको.

टोमॅटोला मॉस स्टिक चालेल का?

पैसे वाचवा. मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी, मनीप्लांटसारख्या हवेत मुळं फुटणाऱ्या वेलांसाठी असते. टोमॅटोला तणावेही नसतात, तो बांधावाच लागतो. १२ इंची पिशवीत एक रोप, ५ फुटांची काठी रोप लावतानाच रोवायची. नंतर रोवली तर मुळं तुटतात. काठीचं वरचं टोक रेलिंगला बांधा. दर ८ इंचांवर जुन्या सुती कापडाच्या चिंधीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास द्या: गाठ काठीवर घट्ट, खोडाभोवती बोट जाईल इतका सैल.