एडफूच्या चित्रातली वाळू खरी आहे का?

हो, वाळू खरी आहे. तुमच्या काकांकडच्या, स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्सच्या चित्रात इजिप्तमधल्या एडफूच्या प्राचीन देवळाचे खांब गाडलेले दिसतात आणि तुम्ही काढलेल्या फोटोत तेच खांब तळापर्यंत मोकळे, म्हणून त्याने मनाने काहीतरी रंगवलं असेल असं तुम्हाला वाटलं ना, पण तसं नाहीये. रॉबर्ट्स इजिप्तला गेला १८३८ साली, नाईलमधून बोटीने पार दक्षिणेच्या अबू सिंबेलच्या देवळांपर्यंत, आणि एडफूचं देऊळ उपसायला मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने सुरुवात केली १८६० मध्ये. म्हणजे त्याने पाहिलं तेव्हा आत वाळू आणि शेकडो वर्षांचा राडारोडा भरलेला, वर छपरावर गावकऱ्यांची मातीची घरं! मी तिथे खांबांशी उभा राहून मान मागे टाकून वरची नक्षी बघत होतो आणि एकदम लक्षात आलं की अरे, तेव्हाची जमीन तर पार वर, माझ्या डोक्याच्याही वर होती. काटाच आला अंगावर.

आता भरवसा किती ठेवायचा? माझं मत सांगतो. वाळू कुठवर होती, काय पडलेलं होतं, काय उभं होतं, यासाठी ही चित्रं सोनं आहेत, कारण फोटोग्राफी जगापुढे आलीच मुळी १८३९ मध्ये. पण चित्रलिपी वाचायला जाऊ नका, ती अक्षरं त्याने नुसती भास होईल इतपत काढलीत. आणि माणसांवरून उंची मोजू नका, तो आधी थिएटरचे पडदे रंगवायचा, भव्यता कशी दाखवायची हे त्याच्या हातात मुरलेलं होतं.

अजून एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. काकांकडे आहे ते रॉबर्ट्सच्या हातचं नाही. त्याने जागेवर पेन्सिल आणि वॉटरकलरमध्ये स्केचेस केली, नंतर लंडनमध्ये लुई हाघ या बेल्जियन कलाकाराने ती लिथोग्राफीच्या, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापे घेतात त्या पद्धतीच्या, दगडावर उतरवली, १८४२ ते १८४९ अशी सात वर्षं छपाई चालली होती. हाघचा उजवा हात जन्मतःच अधू, सगळं काम डाव्या हाताने! त्याचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

फ्रेम उघडू नका, काचेवरूनच साधं भिंग धरून आकाशाचा भाग बघा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर नंतरची ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई. ठिपके नसतील आणि रंग ब्रशने दिल्यासारखा वाटला तर ती जुनी मूळ प्रत असू शकते, तेव्हा जवळून फोटो काढून मला पाठवा, मग पुढचं बघू.