१९६५ ची मूळ अवस्थेतली मस्टँग विकाऊ आहे. घ्यावी का, आणि घेतल्यास नवा रंग द्यावा का?

आपण लिहिले आहे की न्यू जर्सीत एका वृद्ध गृहस्थांकडे १९६५ ची सहा सिलिंडरची, दोन दारांची फोर्ड मस्टँग विक्रीला आहे. गाडी ४२ हजार मैल चाललेली, आतले सारे मूळचे, रंग जागोजागी विटलेला. तरीही ते तिची किंमत नव्याने रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त सांगत आहेत. जास्त किंमत सांगण्यात गैर काही नाही, कारण रंगवलेल्या गाडीच्या पोटात काय दडले आहे ते दिसत नाही आणि या गाडीत ते दिसते. मात्र जादा पैसे ज्या मूळपणासाठी द्यायचे, तो स्वतः तपासून घ्यावा.

चालकाच्या दाराच्या मागच्या कडेला रिव्हेटने बसवलेली छोटी पट्टी असते, तिच्यापासून सुरुवात करावी. तिच्यावरचा क्रमांक ५टी०७टी असा सुरू होत असेल, तर ५ म्हणजे १९६५, पहिला टी म्हणजे मेटचन कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप (न दुमडणाऱ्या, पक्क्या छताची गाडी) आणि शेवटचा टी म्हणजे २०० घनइंची, १२० अश्वशक्तीचे इंजिन. (मेटचन हे नुसते नाव, कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये, जिथे आज आपली इतकी मंडळी राहतात तिथे होता आणि तो २००४ मध्ये बंद झाला.) पण अशा पट्ट्या नव्या बनवून मिळतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. तोच क्रमांक बॉनेटखाली, चालकाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो; दोन्ही जुळले पाहिजेत. पट्टीवरचे १२ई म्हणजे गाडी बनवण्याची तारीख १२ मे, तर इंजिनाच्या ओतीव भागावरचे ५डी२० म्हणजे १९६५ च्या एप्रिलची २० तारीख. इंजिनाची तारीख गाडीच्या आधीची, पण फार आधीची नसावी. चाकाला चार नट असावेत. पाच दिसले, तर मागाहून कोणीतरी आठ सिलिंडरच्या गाडीचे भाग बसवले आहेत, असे समजावे.

मैलांच्या आकड्यावर मी सर्वांत कमी विश्वास ठेवीन. त्या काळच्या मापकात पूर्ण मैलांसाठी पाचच आकडे होते, त्यामुळे ४२ हजार म्हणजे १ लाख ४२ हजारही असू शकतात. ब्रेकच्या पेडलवरचे रबर पाहावे: त्यावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या असतील आणि रबर मूळचे असेल, तर ४२ हजारांची गोष्ट पटणार नाही.

खरी परीक्षा पुढच्या काचेखालच्या जाळीची. तिच्याखालचा पत्रा पानांच्या कचऱ्याने आणि ओलीने आतून गंजतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. मालकाच्या परवानगीने जाळीत दोन्ही बाजूंनी सावकाश पाणी ओतावे आणि आत पायांजवळ टॉर्च घेऊन ओणवे व्हावे. गालिच्यावर थेंब पडले, तर किंमत बरीच खाली आणावी, कारण त्या दुरुस्तीसाठी वेल्डिंगचे सांधे उकलून वरचा पत्राच सोडवावा लागतो. मस्टँगला वेगळी चौकट नाही, अंगाचा पत्राच सारा भार पेलतो. म्हणून पायांखालचा पत्रा आणि खालचे लांब तुळयांसारखे भाग जॅक लावून नीट पाहावेत.

आता रंगाविषयी. माझ्याकडे १९६६ ची मस्टँग आहे. तिच्या पुढच्या सीटची शिवण एका जागी, जेमतेम वीतभर उसवली होती, एवढ्यावरून मी दोन्ही सीटना नवे कापड चढवले आणि जुने फेकून दिले. काम उत्तम झाले. पण नंतर मूळ व्हिनाइलवरची बारीक नक्षी दुसऱ्याच्या गाडीत निरखून पाहिली, तेव्हा आपण काय टाकले ते उमगले. नव्या कापडावर तिचा उठाव तसा उतरलेलाच नाही. त्यामुळे विटलेला रंग तसाच ठेवावा, गंज जिथे खात आहे तिथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही संस्थादेखील मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांचा स्वतंत्र गट ठेवते, आणि तिथे नव्या रंगाची चमक कामाची नसते.

बदल एकच करावा. या गाडीच्या ब्रेकचे तेल एकाच मार्गाने चारही चाकांना जाते, त्यामुळे एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जातात. फोर्डने मस्टँगला दुहेरी मार्ग १९६७ पासून दिला. तसा मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ब्रेकचे तेल पुढे ढकलणारा भाग) बसवून घ्यावा आणि मूळचा तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावा.