पाणी किती फुटांवर आहे, ते आधी बघा

तुम्ही लिहिलंय की नोकरी जाऊन पाच महिने झाले, वडिलांचं डायलिसिस चालू आहे, घराचा हप्ता थकलाय आणि जो भेटेल तो 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतो. पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हा तुमचा प्रश्न. आणि संकटात माणूस घडतो म्हणतात, ते खरं का, हा दुसरा.

मी ना डॉक्टर, ना व्याख्याता. मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरी नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे माझं, कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. एवढं सांगितलं की कोल्हापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. तुम्ही इथले नसाल असं धरून सांगतो.

आमच्याकडे जुलै लागला की माणसं एकमेकांना 'जेवलास काय' याच्या आधी 'पाणी किती आलंय' विचारतात. उत्तर फूट-इंचात असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. वर राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपले आपण उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी भोगावतीत, आणि तिथून आमच्या पंचगंगेत. मग रात्री दोन वाजतासुद्धा मोबाइल वाजतो, 'तिसरा उघडला', 'पाचवा उघडला'. लहानपणी मला वाटायचं, ही मोठी माणसं उगाच घाबरवत बसतात. पुढं कळलं की आकडा माहीत नसलेला माणूसच जास्त घाबरतो. आकडा कळला की तो उठतो आणि सामान वर टाकायला लागतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सामान वर टाकलं, पण चुकीच्या हिशोबानं. २००५ च्या पुरात आमच्या गाळ्यात गुडघाभर पाणी आलेलं. म्हणून मी सगळं कमरेएवढ्या उंचीवर ठेवलं, शटर ओढलं आणि बायकापोरांना घेऊन राजारामपुरीत ताईकडं गेलो. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल मिळेना, शहराला पाणी देणारे पंपच बुडालेले, म्हणजे चोहीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर आत छातीएवढ्या उंचीवर भिंतीला रेघ होती आणि खाली गुडघाभर गाळ. वार्निशचा डबा तरंगत जाऊन दुसऱ्या कोपऱ्यात उलटलेला. गिऱ्हाइकांच्या तेवीस मोटरी गाळात.

आणि आबांची वही.

ही वही तुम्हाला समजावून सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोटर जळाली की जुनी कॉइल काढून नवी भरायची, पण किती गेजची तार, एका कॉइलला किती टर्न, पिच किती, कनेक्शन कसं, हे त्या त्या मोटरला वेगळं असतं. आबांनी तीस वर्षं आलेली प्रत्येक मोटर त्या वहीत टिपून ठेवली होती. आमच्या धंद्यात याच्याएवढी इस्टेट नाही. मी मशिनं उचलली, तांब्याच्या तारेची रिळं उचलली, मोटरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर उचलला, आणि वही गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये विसरलो. आबा शाईच्या पेननं लिहायचे. वही उघडली तर शाई विरघळून पानं नुसती आकाशी झाली होती. एकही आकडा वाचता येईना.

मी शटर परत ओढलं आणि ताईकडं जाऊन झोपलो. तीन दिवस. दाजी माणूस सोन्यासारखा, पण रोज सकाळी सुविचार पाठवायचे. सूर्योदयाचं चित्र आणि खाली 'हेही दिवस जातील'. मी त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवायचो आणि कूस बदलायचो. बायकोवर दोनदा विनाकारण खेकसलो. तुमच्या भेटेल त्या माणसावर तुम्हाला जो राग येतो ना, तो मला पाठ आहे.

चौथ्या दिवशी ताई खोरं आणि दोन घमेली घेऊन दारात उभी. म्हणाली, "चल. गाळ वाळला की पहारीनं फोडायला लागंल. वला हाय तवर निघतोय." बाकी काही बोलली नाही.

ओला गाळ खोऱ्यानं लोण्यासारखा निघतो आणि वाळलेला सिमेंटसारखा बसतो, हे तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे, पूरभागात कुणालाही विचारा. मला त्या दिवशी बरं वाटत होतं का? अजिबात नाही. संध्याकाळी कंबर मोडलेली, अंगाला वास, आणि गाळ निम्मासुद्धा निघालेला नाही. पण चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. म्हणून तुम्हाला सांगतो, उमेद आल्यावर काम करू असं म्हणून बसू नका. उमेदीला बोलवायला कामालाच पुढं पाठवायला लागतं, तेसुद्धा हातानं करायच्या, संध्याकाळी डोळ्याला दिसेल अशा कामाला. नोकरीचे अर्ज हे काम आहेच, पण त्याचं उत्तर दुसऱ्याच्या हातात असतं. रोज एक तरी काम असं ठेवा की ज्याचा शेवट तुमच्या हातात आहे.

आता तुमचा आकडा. तुम्ही 'हप्ता थकलाय' लिहिलंय, किती थकलाय ते लिहिलेलं नाही. मीही लिहिलं नसतं. मी दोन महिने पासबुक उघडलं नव्हतं. मग एका रात्री कॅलेंडरच्या मागच्या बाजूला देणं किती, येणं किती, घरखर्चाला किती दिवस पुरेल, असं सगळं मांडलं. आकडा वाईटच होता. पण डोक्यात जो फिरत होता त्याच्या निम्मा निघाला. बँकेत हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत कर्जात जमा होतं, आणि मग समोरच्या साहेबाच्याही हातात फारसं राहत नाही. त्याच्या आत स्वतः जाऊन 'हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या' असा अर्ज दिला तर निदान बोलणं तरी होतं. मी गेलो तो पंच्याऐंशीव्या दिवशी, घाम पुसत. वडिलांच्या डायलिसिसचंही तसंच. महाराष्ट्रात असाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथं जाऊन बसा. केलं असेल तर उत्तमच. नसेल तर दहा सुविचारांपेक्षा ही एक चक्कर जास्त 'पॉझिटिव्ह' आहे.

कॅलेंडरच्या मागचं ते लिखाण बघून माझी भाची हसली. ती मानसशास्त्रात एम.ए. करते. म्हणाली, मामा, १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर म्हणून एकानं कॉलेजच्या पोरांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीबद्दल लिहायला लावलं. काय झालं आणि त्याचं काय वाटलं, दोन्ही लिहिणारी पोरं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी गेली. लिहिल्या-लिहिल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटलं होतं. मला ही शेवटची गोष्ट फार आवडली. बरं होणं आणि बरं वाटणं एकाच दिवशी येत नाही, हे कुणीतरी मोजून दाखवलं होतं. मी नुसते आकडे लिहिले होते. वहीबद्दल लिहायला अजून महिना गेला.

गाळ निघाला तशी गिऱ्हाइकं यायला लागली. चिखली-आंबेवाडीकडची शेतकरी माणसं, कुणाची नदीवरची मोटर काढायची राहून गेलेली, कुणाचा विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप बुडालेला. माझ्याकडं लाइट नव्हती, म्हणून उद्यमनगरात एका दोस्ताच्या शेडमध्ये पत्र्याच्या पिंपात २०० वॅटचे बल्ब लावून मोटरी वाळवल्या. बुडालेली मोटर लगेच चालू करायची नसते, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. आधी खोलायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, बेअरिंगं बदलायची, दोन-दोन दिवस ऊब द्यायची, मग मेगर लावायचा. निदान एक मेगाओहम दाखवल्याशिवाय स्टार्टरला हात नाही. एका पाव्हण्याला दम निघाला नाही. वरून वाळलीय की, म्हणून परस्पर घेऊन गेला, बटण दाबलं आणि धूर. नव्यानं भरायचा खर्च आला, शिवाय माझ्यावरच चिडला. दाजींना मी हे उदाहरण नंतर हसत हसत सांगितलं, त्यांना रोख कळला. तुम्हालाही कुणी 'झालं गेलं विसर, कामाला लाग' म्हणून पहिल्याच आठवड्यात बटण दाबायला येईल. त्याला सांगा, वाळायला लागतोय अजून.

पण वाळायला ठेवणं आणि पिंपात विसरून जाणं यात फरक आहे. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जेवण तुटलं असेल, जगून काय करायचंय असं मनात यायला लागलं असेल, तर हे माझं उत्तर बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला दुसरा प्रश्न, माणूस घडतो का.

घडतोच असं नाही. आमच्या ओळीत चार गाळे सोडून एकाचं दुकान होतं, माझ्यापेक्षा हुशार कारागीर. त्याचं दुकान त्या पुरात बंद झालं ते झालंच, आणि संध्याकाळची सवय लागली ती वेगळीच. लोक म्हणाले, मनानं कच्चा होता. मला ते पटत नाही. त्याला राजारामपुरीत ताई नव्हती, एवढाच फरक मला दिसतो. त्यामुळं 'संकट ही संधी' वगैरे कुणी म्हणालं की मी विषय बदलतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर एक गोष्ट झाली. आबा गेल्यापासून चौदा वर्षं मी वही बघून काम करत होतो. नेमप्लेट बघायची, वहीतलं पान काढायचं, तेवढे टर्न गुंडाळायचे. असं का, हे कधी विचारलं नव्हतं. वही गेली आणि कळलं की मी कारागीर नव्हतोच, नक्कल उतरवणारा होतो. मग प्रत्येक जळकी कॉइल कापून टर्न मोजायला लागलो. तारेवरचं इनॅमल जाळून मायक्रोमीटरनं जाडी मापायची, काढलेलं तांबं वजन करायचं. नेमप्लेट गेलेली मोटर आली तर नुसते स्लॉट, म्हणजे कॉइल बसायच्या खाचा, मोजून कोड्यात पडायचो. शेवटी आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका सरांकडं रात्री शिकायला गेलो. वय एक्केचाळीस. शेजारी त्यांची नातवंडं पाढे म्हणत बसायची आणि मी पोल, स्पीड, स्लॉट. पन्नास हर्ट्झच्या विजेवर मोटरीत दोन चुंबकी पोल म्हणजे मिनिटाला तीन हजार फेरे, चार पोल म्हणजे दीड हजार, हे मला ऐकून पाठ होतं, पण ते का, हे तिथं कळलं. आता नेमप्लेट नसलेल्या मोटरी लोक मुद्दाम माझ्याकडं आणतात.

याला वाढ म्हणायची तर म्हणा. पण खरं विचाराल तर आबांची वही कुणी आज परत आणून दिली, तर बदल्यात ही सगळी वाढ मी आनंदानं देईन.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा तेवढंच आलं, वर कोरोना. या वेळी भिंतीवरच्या २०१९ च्या रेघेवर मी लाल ऑइलपेंट ओढून ठेवला होता आणि तिच्या दोन फूट वर अँगलचा माळा मारला होता. चेन-पुलीनं जड मोटरी वर घेतल्या. बंधाऱ्यावर ३९ झाले तेव्हा सुरुवात केली, ४३ ला शटर बंद. टेबल आणि एक लाकडी कपाट गेलं. परत आलो तेव्हा मी काही हसतमुख नव्हतो, नदीला आणि नाल्याला शिव्या घालत गाळ काढला. पण पहिल्याच दिवशी काढला, ताईला यायला लागलं नाही. ती आलीच, चहा घेऊन.

नवी वही माळ्यावर असते. प्रत्येक पानाचा फोटो भाचीच्या मोबाइलवर जातो, ती वैतागते. आतापर्यंत सहाशेच्या वर मोटरी उतरवल्यात. बॉलपेननं.