तोंडी मुदतवाढीच्या भरवशावर अडकलेले साडेअकरा लाख

कल्याणच्या एका वाचकाने बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घेतला, अनामत धरून पंचवीस टक्के, म्हणजे साडेअकरा लाख, भरले. गृहकर्ज वेळेत झालं नाही, मॅनेजरने मुदतवाढ फोनवर तोंडीच दिली होती, आणि बँकेने ती रक्कम जप्त केली. ती परत मिळेल का, असा त्यांचा प्रश्न. अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात.

राखीव किंमत 38 लाख होती, तुम्ही 46 लाखांवर थांबलात. शेवटच्या क्षणी समोरून बोली आली की वेळ पाच मिनिटांनी वाढायची आणि तुम्ही आणखी 25 हजार चढवायचात. कर्ज मिळेल का, हे मात्र जिंकल्यावर विचारलंत. ही चौकशी आधी करा, हे किती वेळा सांगायचं?

असो. आता सगळं एका शब्दावर आहे: लेखी. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार बँकेला देणारा तो सरफेसी कायदा; त्याखालच्या 2002च्या नियमांतला 9(4) वाचा. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरायची. मुदत वाढते, पण दोन्ही बाजूंनी लेखी ठरलं तरच, आणि तीन महिन्यांच्या पुढे कधीच नाही. ‘करा सावकाश, मी बघतो’ हे मॅनेजरचं फोनवरचं आश्वासन मुदतवाढ ठरत नाही. प्राधिकृत अधिकाऱ्याचा, म्हणजे बँकेतर्फे ही विक्री करणाऱ्याचा, ई-मेल, निदान व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, काही सापडतं का बघा. तो पुरेल असं आज सांगत नाही, पण काहीच नसेल तर बाजू फार लंगडी आहे. पंधरा दिवस लिलावाच्या तारखेपासून मोजू नका. विक्री कायम झाल्याच्या पत्रावरची तारीख बघा.

‘बँकेने तोच फ्लॅट नंतर जास्त भावाने विकला, मग तिचं नुकसान काय?’ हा तुमचा मुद्दा चालणार नाही. 2 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या प्रकरणात तो फेटाळला. तिथे पहिली बोली 12.27 कोटींची होती, फेरलिलावात 14.76 कोटी आले, तरी जप्ती कायम राहिली. बँकेने फ्लॅटवरचा एखादा दावा लपवला असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रात तसं काही दिसत नाही.

जप्तीला महिना झाला आणि तो तुम्ही तक्रार अर्जांत घालवलात. हायकोर्टात रिटही नको. अशा जप्तीविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणातच जायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय. सरफेसीच्या कलम 17चा अर्ज जप्तीपासून 45 दिवसांत लागतो. तिथे निकालाला किती तारखा पडतील, देव जाणे, पण उशीर माफ होईल यावर विसंबू नका. जप्तीचं पत्र, विक्री कायम झाल्याचं पत्र आणि लिलावाच्या अटी घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.